रोज पुसला जाणारा फळा

मी एक जुना लाकडी फळा आहे, मित्रांनो, आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवलं. तामसी गावच्या शाळेत मी तीस वर्षं राबलो. मग गुळगुळीत पांढरा बोर्ड आला आणि मला संडासाच्या भिंतीला टेकवलं. त्याची चीड अजून गेलेली नाही. पुढे गावातल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेने मला उचलून आणलं.

तिथे अभ्यासाला येणारी प्रगती भेटली. हैदराबादच्या एका कंपनीला स्पॅनिश येणारी माणसं हवी होती. परीक्षा पंधरा दिवसांवर. ती हुकली की घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे बी.एड. ठरलेलं. तिचं घोडं अडलं होतं स्पॅनिशमध्ये ‘नको’ म्हणण्यात. आधी ‘नो’ लावायचं, मग क्रियापदाचा शेवट फिरवायचा. आब्लार म्हणजे बोलणे; नो आब्लेस, बोलू नकोस. कोमेर म्हणजे खाणे. नो कोमास, खाऊ नकोस. नियमात चालणाऱ्या चोवीस क्रियापदांचा तक्ता तिने माझ्यावर मांडला आणि कोपऱ्यात ‘पुसू नका’ लिहिलं.

अभ्यासिकेची किल्ली म्हाताऱ्या डोमाजींकडे असे. सकाळी ओल्या फडक्याने फळा पुसून तारीख आणि सुविचार लिहिणं हा त्यांचा नेम. त्यांनी तक्ता साफ पुसून टाकला.

“आजोबा, काऊन पुसलं? लिवलं होतं ना मी!”

“कालचं आज ठेवत नसतात, पोरी. आन् ह्या भाषेनं काय होते? गुमान बी.एड. कर.”

“नाही करत! तुमी रोज पुसा, मी रोज लिवीन.”

तेव्हा मला असा आनंद झाला म्हणून सांगू! रोज ते पुसत, रोज ती लिहीत. पहिले चार दिवस वही बघून, मग चुकत, ओठ चावत. दहाव्या दिवशी तिने वही दप्तरातून काढलीच नाही. चोवीसच्या चोवीस बरोबर आली.

आदिलाबादला परीक्षा देऊन ती बसने परतली आणि आठवड्याने पास झाल्याचा निरोप आला. डोमाजी फडकं पिळत उभे होते.

“मीच पुसलं म्हणून पाठ झालं तुले,” ते म्हणाले.

“हो आजोबा. पन तुमाले ते नव्हतं पाहिजे,” प्रगती म्हणाली.

म्हाताऱ्याने फडकं बाजूला ठेवलं आणि खडू तिच्या हातात दिला.

मित्रांनो, जुन्या फळ्याला खुशाल पुसा. पण फेकू नका. आम्ही अजून कामाचे आहोत.