पांढऱ्या पाटीवरचं कुंकू

विषय : क्ष-किरण यंत्राला माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : सफाई कामगार गीताबाई यांचा अर्ज, आवक क्रमांक दोनशे चौदा.

उपरोक्त विषयातलं यंत्र ते मीच बोलतोय. धारूरच्या घाटाखाली एका ग्रामीण रुग्णालयात पाच वर्षं उभा आहे. उभा म्हणजे कोंडलेला. माझ्या खोलीला खिडकी नाही आणि दाराला शिशाचा पत्रा. आतले किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून. किरण निघतच नाहीत. मीच तेवढा आत आहे.

मार्च संपता संपता दिल्लीच्या निधीतून मी आलो. फीत कापली, पेढे वाटले. बसवायला आलेल्या इंजिनिअरने चाचणीसाठी स्वतःच्या पंजाचा फोटो काढला. माझ्या हातून निघालेला तो पहिला फोटो. दुसरा निघालेला नाही, कारण मला चालवणारा तंत्रज्ञ आलाच नाही.

गीताबाई दर सोमवारी मला पुसतात. एकदा त्यांनी कार्यालयातल्या विरुपाक्षअप्पांना दारातच गाठलं.

“अप्पा, मशीनला पैसा आला, मग माणसाला कावून न्हाई?”

“दोन्हीची खाती येगळी हायत, मावशी. ह्यातलं त्यात टाकता येत न्हाई.”

“पोळपाट पाठवलं, लाटणारी कुटंय? पैशाच्या वाटणीला बसणाऱ्यांच्या घरी सैपाक होत न्हाई का?”

“मशीनची फीत कापता येती. पगाराची कशी कापावी?” अप्पा हसले. मग म्हणाले, “अर्ज द्या.”

देशाच्या पैशाची वाटणी कशी करावी, हे मला कुणी विचारलेलं नाही. पण भिंतीकडे बघून बघून एवढं कळलं : रस्ते करा, तोफा घ्या, माझ्यासारखी यंत्रंही घ्या. फक्त यंत्र घेण्याआधी त्याच्या माणसाचा पगार बाजूला काढून ठेवा.

खंडेनवमीला मात्र माझी पूजा चुकत नाही. न दाबलेल्या बटणांनाही कुंकू लागतं. यंदा नारळ फोडायला गीताबाईंचे मालक हरिबा आले. ते कापसाच्या जिनिंगवर हमाली करतात. दोन महिने खोकला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहून दिलेला. पण त्यासाठी बीड गाठायचं म्हणजे दिवस मोडणार, म्हणून कागद खिशातच.

हार घालून झाल्यावर हरिबांनी सदरा काढला आणि फोटोसाठी टेकायची असते तशी माझ्या उभ्या पांढऱ्या पाटीला छाती टेकवली. “काढ बे आता,” मला म्हणाले, आणि श्वास रोखून उभे राहिले. सगळे हसले. तेवढ्यात त्यांना उबळ आली. पाटीवर लाल ठिपके उडाले.

गीताबाईंनी कुंकू समजून पुसले. मग फडक्याकडे बघत राहिल्या.

त्याच दुपारी हरिबांना जीपमध्ये घालून बीडला नेलं. निघण्याआधी गीताबाईंनी अप्पांकडून अर्ज लिहून घेतला आणि त्यावर अंगठा उठवला. अप्पांनी तो वर पाठवला. वरून उत्तर आलं : पद मंजूर नसल्याने प्रस्ताव आणखी वर पाठवला आहे.

हरिबा अजून बीडलाच आहेत. सोमवारी गीताबाई आल्या नाहीत. माझ्यावर धूळ आहे. दार बाहेरून बंद आहे.

आवक क्रमांक दोनशे चौदा आजअखेर प्रलंबित.