शेजारच्या खुर्चीतला माणूस

डॉक्टरीणबाईंनी 'रिमिशन' हा शब्द उच्चारला आणि आल्हादने तिथूनच बायकोला फोन लावला, "पापा ठीक झाले! एकदम ठीक!" संध्याकाळी विजय नगरातल्या घरी पेढे वाटले गेले. सत्कारमूर्ती, म्हणजे आल्हादचे वडील मुरलीधरराव, मात्र अवघडून बसले होते. डॉक्टरीणबाईंचं पुढचं बोलणं त्यांनी एकट्यानेच ऐकलं होतं. "आता तपासणीत रोग कुठे दिसत नाही. पण कायमचा गेला, असं आजच म्हणता येत नाही. दर तीन महिन्यांनी दाखवत राहा."

पाहुणे गेल्यावर बेबीताईंनी नवऱ्याला विचारलं, "आता काहून असे बसून राहिले?"

"हेमचंद्रची आठवण येऊन राहिली."

उपचारांच्या वेळी हेमचंद्र शेजारच्या खुर्चीत असायचे. वनखात्यातून निवृत्त झालेले, कुंडम गावी एकटे राहणारे. दोघांनाही लसिकाग्रंथींचा कॅन्सर. सलाईनमधून औषध थेंबथेंब उतरत असायचं आणि दोघं आपापल्या तरुणपणाच्या आठवणी काढून बसायचे. मुरलीधरराव फॅक्टरीचा सकाळचा भोंगा सांगायचे, गेटवरचा सायकलींचा लोंढा, मधल्या सुट्टीत एकमेकांचे पळवलेले डबे. हेमचंद्र सालवृक्षांच्या जंगलातलं विश्रामगृह सांगायचे, अंगणापर्यंत आलेलं अस्वल आणि झाडावर चढून बसलेले बडे साहेब. एकदा दोघं इतके हसले की सिस्टर ओरडली, "अंकलजी, हाथ मत हिलाइए!"

त्याच दुपारांमध्ये उलट्याही व्हायच्या, तोंडाची चव जायची. तरी त्या दुपारी आठवल्या की मुरलीधररावांचा जीव हळवा व्हायचा. हे सांगणार कुणाला?

हेमचंद्रांचे उपचार आधी संपले, मग फोनही थांबले. पुढच्या रविवारी नवराबायको बसने कुंडमला गेले.

हेमचंद्रांच्या डोक्यावर उपचारांत गेलेले केस आता कुरळे होऊन आले होते. "या भाभीजी, या!" चहा झाला, अस्वलाची गोष्ट बेबीताईंसाठी पुन्हा झाली. मग मुरलीधररावांनी सहज विचारलं, "तपासणीला कधी आले होते?"

हेमचंद्रांनी कप खाली ठेवला. "गेलोच नाही. रिमिशन म्हणाले, मला वाटलं सुटलो. मग एकदा नुसता सर्दीताप आला, तर घाबरून गेलो. आता दवाखान्याचं नाव काढलं तरी हातपाय गार पडतात."

"माझे नाही पडत का?" मुरलीधररावांचा आवाज चढला. "पण मी बोलू कुणाशी? घरी सगळ्यांनी पेढे खाल्लेत! आज रोग दिसत नाही, एवढंच खरं. परत येईलच असं नाही, पण आला तर लवकर कळायला नको? चला, मी येतो सोबत."

"मला काहून नाही सांगितलं?" बेबीताई हळूच म्हणाल्या.

"तू इतकी खूश होतीस..."

"तुम्ही झोपले की मी रोज तुमच्या मानेला हात लावून पाहते. गाठ तर नाही नं, म्हणून."

 मुरलीधररावांनी तिचा हात धरला. हेमचंद्र उठले आणि म्हणाले, "थांबा, शर्ट बदलून येतो. मी आजच येतो तुमच्याकडे. उद्या परत धीर होणार नाही."

रात्री जेवताना मुरलीधररावांनी रिमिशन म्हणजे काय ते आल्हादला नीट समजावून सांगितलं. आल्हादने विचारलं, "म्हणजे अभी भी डर आहे?"

"आहे. पण भीती आहे म्हणून आजचा दिवस कमी होत नाही रे."

सकाळी आल्हादनेच सुट्टी टाकली आणि सगळ्यांना दवाखान्यात घेऊन गेला. हेमचंद्रांचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्यात रोग कुठे दिसला नाही. ते दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "चलो, खोव्याची जिलेबी खाऊ."

नेपियर टाउनमधल्या दुकानासमोर उभ्याने जिलेबी खाताना हेमचंद्रांनी पहिल्या पोस्टिंगची गोष्ट काढली. आल्हाद तोंड चालवता चालवता विचारत राहिला, "फिर? मग काय झालं, काका?"