वीतभर बस

दोघा भावांतला धाकटा शहर-बस चालवायचा. एके दिवशी चौकात वळताना त्याच्या बसचा मागचा कोपरा शेजारच्या गाडीला लागला आणि गाडीतल्या बाईंचं मनगट मोडलं. चौकशीत त्याच्यावर ठपका आला नाही. तरी तो रजा टाकून घरी बसला तो बसलाच. दाढी वाढली, बोलणं आटलं.

"तुमच्याशी तरी बोलतील भावोजी," वहिनी नवऱ्याला म्हणाली. "जेवायला खाली बोलवा."

थोरला चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा आणि त्याला छोट्या धातूच्या गाड्या जमवायचा नाद होता. महागड्या नव्हेत, खेळण्यांच्या दुकानात पाकिटात टांगलेल्या असतात त्या, बोटभर लांबीच्या. घरातलं एक काचेचं कपाट त्यांनी गच्च भरलं होतं.

जेवण झाल्यावर धाकट्याला बोलतं करावं म्हणून थोरल्याने कपाटातून एक बस आणि एक गाडी काढून टेबलावर ठेवली. "दाखव बरं, कसं झालं ते."

धाकट्याने दोन्ही शेजारी-शेजारी लावल्या आणि बस हळूच वळवली. गाडीला ती लागलीच नाही. पुन्हा वळवली, तरी नाही.

"अरे, एवढी जागा होती की," थोरला म्हणाला.

धाकट्याने बस खाली ठेवली आणि वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत निघून गेला.

वहिनी टेबल पुसायला आली. गाड्या उचलताना म्हणाली, "ही बस आणि ही गाडी सारख्याच लांबीच्या कशा हो?"

"पाकीट सगळ्यांना एकच, त्यात मावायला हव्यात ना. गाडी पंचावन्न पटींनी लहान केलेली, बस दीडशे पटींनी." हे त्याने आल्यागेल्याला कितीदा तरी कौतुकाने सांगितलं होतं. या वेळी मात्र बोलता बोलता त्याची जीभ अडखळली.

"म्हणजे त्यांची बस तुम्ही गाडीएवढी करून टाकलीत," वहिनी म्हणाली, "आणि वर जागा होती म्हणालात."

थोरल्याला ते लागलं. त्याने हिशोब मांडला. त्या गाडीच्या मापाने बस चांगली वीतभर हवी होती. सुट्टीच्या दिवशी त्याने चार दुकानं पालथी घातली, पण त्या मापाची बस मिळाली नाही. शेवटी टूथपेस्टचा मोठा खोका घेतला. चाकं कुठे चिकटवायची ते कळेना, म्हणून तो बसच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. इतकी वर्षं बसमधून फिरून त्याने कधी पाहिलं नव्हतं: मागच्या चाकांच्याही मागे बसचा केवढा तरी भाग नुसता लोंबत असतो. घरी येऊन त्याने चाकं तशी चिकटवली आणि खोका टेबलावर वळवला. तोंड एकीकडे वळलं आणि शेपूट दुसरीकडे बाहेर पडून गाडीला धडकलं.

खोका आणि गाडी घेऊन तो वर गेला. "चुकलं माझं," म्हणाला. "आता बघ."

धाकट्याने खोका वळवून पाहिला. गाडी सरकली. "हो, असंच झालं," तो म्हणाला. मग त्याने खोक्याच्या मागच्या टोकावर बोट ठेवलं. "पण दादा, शेपूट बाहेर जातं हे मला माहीत असतं. रोजचंच आहे. गाडी आरशात दिसली होती मला. वाटलं, थांबतील त्या."

"चौकशीत सांगितलंस?"

"दिसली का, असं कोणी विचारलं नाही."

'जाऊ दे रे' हे शब्द थोरल्याच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्याने गिळले. "मी येतो तुझ्याबरोबर," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याने डेपोतल्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी लेखी समज दिली आणि कामावर कधी येतोस, असं विचारलं. तिथून दोघे भाऊ त्या बाईंकडे गेले. त्या बेकरीत केकवर नक्षी काढायच्या. प्लॅस्टर निघालं होतं. त्या एक ओला फडका मुठीत दाबत बसल्या होत्या. मूठ अजून पुरती वळत नव्हती.

धाकट्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. बाईंचा हात थांबला.

"तुम्हाला दिसले होते मी?"

"हो."

"मला वाटलं, एवढी मोठी बस आहे, तीच थांबेल." त्यांनी पुन्हा फडका दाबायला घेतला. "राग आहे माझा तुमच्यावर. खोटं कशाला बोलू? पण आलात ते बरं केलंत. बसा."

दोघे बसले. निघताना धाकट्याने, पुन्हा आलं तर चालेल का, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "बघू."

पुढच्या आठवड्यात तो दाढी करून कामावर गेला. त्या चौकात वळायच्या आधी त्याने बस थांबवली आणि शेजारच्या गाडीला हाताने पुढे जायची खूण केली. मागचे हॉर्न वाजवत राहिले. गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत तो हलला नाही.