हिच्यासकट

गल्लीत त्यांना सगळे खोकेवाले काका म्हणत. नाव कुणी ठेवलं ते सांगणं कठीण, पण ठेवलं होतं अगदी चपखल. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं तारा जोडून निवृत्त झालेला हा माणूस घरात बसून स्पीकरची खोकी बनवायचा. एक जोडी झाली की लगेच दुसरी. दुकानातले तयार स्पीकर नुसते दिसले तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यात लाकडाऐवजी भुसा आणि आवाजाऐवजी जाहिरात भरलेली असते, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. येणारे-जाणारे मग हळूहळू कमी झाले.

खोकं मात्र ते असं बनवत की बघत राहावं. सुताराकडून अंगठ्याएवढ्या जाडीचं प्लायवुड मापात कापून आणायचं, सांधे चिकटवून रात्रभर शिकंज्यात आवळून ठेवायचे, आणि सकाळी बोटाच्या गाठीनं टकटक करून ऐकायचं. टण् वाजलं तर आत आणखी एक आडवी पट्टी ठोकायची. ठप् वाजलं की पास.

पण खरी परीक्षा मोजणीची. बैठकीच्या खोलीत दोन स्पीकर, त्यांच्यासमोर कानाच्या उंचीवर उभा केलेला माइक, आणि काका स्वतः खोलीबाहेर, पॅसेजमधल्या टेबलाशी, कॉम्प्युटरसमोर. कळ दाबली की स्पीकरमधून एकच सूर निघे. खर्जात सुरू होऊन तो चढत चढत दहा सेकंदांत ऐकू येईनासा होई. माइक ते टिपून घेई आणि पडद्यावर एक रेघ उमटे. आवाज कमी पडला तिथे खळगा, जास्त झाला तिथे टेंगूळ. रेघ जितकी सपाट तितका स्पीकर प्रामाणिक.

काकू त्या चढत्या सुराला मांजर म्हणत. "चढलं का तुमचं मांजर माळ्यावर?" असं स्वयंपाकघरातून विचारत.

स्वयंपाकघरातून, कारण मोजणीच्या वेळी खोलीत कुणी बसायचं नाही, हा काकांचा कडक नियम. माणसाचं अंग आवाज पितं. जिथे माणूस तिथे रेघेला खळगा. आणि काकूंची वेताची खुर्ची नेमकी माइकच्या उजव्या हाताला, दाराच्या मागे. विणकाम मांडीवर घेऊन त्या जरा कुठे टेकल्या की पॅसेजमधून हुकूम यायचा, "अगं, ऊठ जरा. दोन मिनिटं."

मग खुर्ची करकरायची. काकू बाहेर येत, टेबल आणि भिंतीमधल्या चिंचोळ्या जागेतून अंग चोरून जात, आणि जाताना काकांच्या खुर्चीच्या पाठीवर आधाराला हात टेकत. "झालं की हाक मारा हं," असं म्हणून स्वयंपाकघरातल्या लाकडी स्टुलावर जाऊन बसत.

काका कधी हाक मारत नसत. विसरत. दोन मिनिटांचा अर्धा तास होई, तास होई. मग काकूच कंटाळून आपणहून परत येत, काही न बोलता खुर्चीत बसत, आणि पुढच्या रेघेत खळगा आला की काका कपाळाला हात लावत. कधी त्या मागे थांबून विचारत, "बघू तरी, कशी आली रेघ?" त्यावर यांचं उत्तर ठरलेलं, "तुला काय कळणार त्यातलं?" काका वाईट माणूस नव्हते. पण या एका बाबतीत अक्कल गहाण ठेवली होती, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

एकदाच काकू अडून बसल्या. "गुडघे दुखतात. मी हलायची नाही. घ्या मोजून मलासुद्धा." काकांनी दात ओठ खाऊन तशीच मोजणी घेतली. तीनशे हर्ट्झच्या जरा पुढे खोल खळगा आणि त्याला लागून एक छोटी गाठ. फायलीला त्यांनी रागारागानं नाव दिलं, 'हिच्यासकट'. टाकून द्यायची ती राहून गेली.

त्यानंतर महिन्याभरातच ते घडलं. काका नव्या जोडीच्या क्रॉसओव्हरशी झगडत होते. खर्जाचा आवाज खोक्यातल्या मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज छोट्याला वाटून देणारी ती जोडणी काही केल्या जमेना. एक कपॅसिटर काढ, दुसरा लाव, मोज. पुन्हा काढ, पुन्हा मोज. काकूंना उठवलं तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते. पाच वाजता घसा कोरडा पडला म्हणून काका पाणी प्यायला आत गेले. काकू स्टुलावर भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. चष्मा मांडीवर. हात गार.

हृदय बंद पडलं, कुणी जवळ असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी लेकीला सांगितलं, "स्वयंपाकघरात बसली होती." तिला तिथे कुणी बसवलं, आणि दीड तास हाक मारायची कोण विसरलं, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. ती गोष्ट त्यांना आतून कुरतडत होती. स्पीकरची जोडी अर्धवट पडून राहिली.

सव्वा वर्ष झालं या सगळ्याला. आता लेक त्यांना आपल्याकडे न्यायला आली होती. घर सोडायचं ठरलं होतं, ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. चार दिवस तिनं कंबर कसून सामान बांधलं. बैठकीची खोली तेवढी काकांनी हट्टानं शेवटी ठेवायला लावली.

"बाबा, हे स्पीकर एक तर पुरे करा, नाही तर कुणाला देऊन टाका," ती म्हणाली. "अर्धवट खोकी मी नेणार नाही. आईनं सहन केलं, मी करायची नाही." आणि आणखी पुठ्ठ्याचे खोके आणायला ती बाहेर पडली.

काकांनी स्पीकर पुरे केले. क्रॉसओव्हरचा शेवटचा कपॅसिटर बसवून तारांना डाख दिला, आत कापूस भरला, पाठीमागची फळी आवळली. दोन्ही खोक्यांना टकटक केलं. ठप्, ठप्. मग माइक उभा केला, खोलीतून बाहेर आले, टेबलाशी बसले आणि कळ दाबली. भर दुपारी त्या रिकाम्या घरात मांजर माळ्यावर चढलं.

रेघ उमटली. सुंदर होती. फक्त तीनशेच्या जरा पुढे खोल खळगा होता, आणि त्याला लागून एक छोटी गाठ.

काकांनी डोकं खाजवलं. खोलीत लेकीनं गाद्यांची वळकटी ठेवली होती, ती ओढून बाहेर काढली. पुन्हा मोजलं. खळगा होता. पडदे काढले. होता. स्पीकरमध्येच खोट असेल म्हणून उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे नेला, आणि मोजलं. खळगा जागचा हलला नाही. म्हणजे स्पीकर निर्दोष होते आणि जे काही होतं ते खोलीत होतं, माइकच्या उजव्या हाताला. तिथे वेताच्या खुर्चीशिवाय काही नव्हतं.

ते दारात जाऊन उभे राहिले. खुर्ची रिकामी होती. बैठकीचा वेत मधोमध खाली वाकला होता, पण तो वर्षानुवर्षं बसून तसाच झालेला. खुर्ची उचलून बाहेर ठेवली असती की प्रश्न मिटला असता. त्यांनी हात पुढे केला आणि वितभर अंतरावर तो आपोआप आखडला. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. कुणी बसलेलं असताना त्याच्या खुर्चीला आपण हात घालत नाही, तसा तो आखडला.

परत येऊन त्यांनी जुनी फाइल शोधून काढली. 'हिच्यासकट'. ती रेघ आजच्या रेघेवर ठेवली. खळग्यावर खळगा बसला, गाठीवर गाठ. दोन रेघांची एक झाली.

काका पडद्यापाशी वाकले. भीती होतीच, पण तिच्याखाली दुसरंही काही होतं, आणि ते आनंदाच्या फार जवळचं होतं. वाट बघून कंटाळली आणि आली आपणहून परत, नेहमीसारखी. सव्वा वर्ष बसली आहे तिथे. चिडून निघून गेली नाही.

आता एवढ्यावर थांबायला हवं होतं. शहाण्या माणसानं तिथेच कॉम्प्युटर बंद केला असता. पण हाडाचा मोजणारा एका मोजणीवर विश्वास ठेवत नाही, रिकामी खोलीही मोजून ताडून बघतो. काकांचे डोळे पडद्यावर, बोट कळीवर, आणि जन्मभराच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अगं, ऊठ जरा. दोन मिनिटं."

खोलीत वेत करकरला.

काकांना मान वळवता येईना. टेबलावरचा कागद जरासा हलला. त्यांच्या खुर्चीची पाठ कुणीतरी हात टेकल्यासारखी किंचित मागे गेली आणि पुन्हा सरळ झाली. मग पॅसेजच्या टोकाला, स्वयंपाकघरात, स्टूल फरशीवर सरकल्याचा आवाज आला. त्यानंतर सगळं शांत.

बोटानं कळ दाबली. सूर चढला, संपला. पडद्यावर रेघ आली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्वच्छ, सपाट. खळगा नाही, गाठ नाही. अशी रेघ त्यांना आयुष्यात कधी मिळाली नव्हती. काका तिच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांना कळलं की आपण तिला पुन्हा एकदा बाहेर घालवलं.

लेक जिना चढून आली, काखेत पुठ्ठ्याचे खोके, घामानं डबडबलेली. "पाणी पिते आधी," म्हणत ती स्वयंपाकघराकडे वळली.

"आत जाऊ नकोस!"

काका इतक्या जोरात ओरडले की तिच्या हातातले खोके खाली पडले.

"काय झालं बाबा? साप आहे की काय?"

"तुझी आई आहे."

लेक त्यांच्याजवळ आली. कपाळाला हात लावून ताप बघितला. काकांनी तो हात धरून ठेवला आणि सव्वा वर्ष गिळलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं. साडेतीन आणि पाच. दोन मिनिटं म्हणालो होतो. हाक मारायला विसरलो. "ती वाट बघत बसली गं," ते म्हणाले, "आणि मी इथे कपॅसिटर बदलत बसलो." मग आजच्या रेघा दाखवल्या, एकेक करून. शेवटचीसुद्धा. रडू त्यांनी आवरलं नाही.

लेकीनं त्यांच्या हातातून आपला हात सोडवला. तिचे ओठ थरथरत होते, आणि ते रागानं की दुःखानं हे तिचं तिलाही कळत नसावं. स्वयंपाकघराचं दार अर्धं लोटलेलं होतं. तिकडे न बघता ती म्हणाली, "मग मारा ना आता हाक."

"काय?"

"हाक मारा बाबा. उद्या ट्रक येईल, आपण जाऊ. तिला काय तिथेच बसवून ठेवणार आहात?"

काकांनी तोंड उघडलं. पस्तीस वर्षं लोकांचे आवाज या गावातून त्या गावात पोचवलेल्या माणसाला सहा पावलांवर हाक मारता येईना. लेकीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झालं गं," ते शेवटी म्हणाले. आवाज चिरकला. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा, मोठ्यानं, "झालं! ये आत!"

काही झालं नाही. रस्त्यावरून एक स्कूटर गेली. मग स्वयंपाकघरात स्टूल फरशीवर सरकलं.

लेकीची बोटं गुडघ्यात रुतली. तिनंही ऐकलं होतं. लोटलेलं दार हललं नाही, पण पॅसेजमधली हवा जराशी पुढे सरकल्यासारखी झाली, आणि काकांच्या खुर्चीची पाठ किंचित मागे वाकली. ती सरळ होईल म्हणून ते वाट बघत राहिले. मग खोलीत वेत करकरेल, मग सगळं जागच्या जागी. पण खुर्चीची पाठ सरळ झाली नाही. वेत करकरला नाही.

काकांनी कळ दाबली. सूर चढून गेला. रेघ आली, स्वच्छ. खोलीत कुणी नव्हतं.

"बाबा," लेक अगदी हळू म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तरी ती जागची हलली नाही. "बाबा, जरा बाजूला व्हा. तिला दिसत नाहीये."

काका मागे वळले नाहीत. खुर्चीतल्या खुर्चीत ते डावीकडे सरकले आणि पडदा उजवीकडे वळवला.

"ही बघ," ते म्हणाले. "हे इकडचं टोक म्हणजे खर्ज. इथून सूर चढायला लागतो. तुझं मांजर. इथे मोठा स्पीकर थांबतो आणि छोटा सुरू होतो, तो सांधा जमायला मला दीड वर्ष लागलं. दिसतोय कुठे? नाही ना दिसत? न दिसणं हेच चांगलं." ते सावकाश, बोट ठेवत, शेवटच्या टोकापर्यंत सांगत गेले. लेक तहानलेली तशीच उभी राहिली आणि तिनं त्यांना मध्ये तोडलं नाही.

सांगून झाल्यावर कॉम्प्युटरनं फायलीचं नाव विचारलं. रेघ सपाट होती, तिच्यात खळगा नावालाही नव्हता. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक अक्षर शोधून टाइप केलं, 'हिच्यासकट'.