माझ्या पोटातली तार

मित्रांनो, मी एक जुना मल्टीमीटर आहे. व्होल्ट आणि करंट मोजणं हे माझं काम. दौंडजवळच्या एका आयटीआयमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सच्या कपाटात दुसऱ्या फळीवर माझा मुक्काम. दोन वर्षं शिकून मुलं कंपन्यांत जातात, मी आपला इथेच. माझ्या पाठीवर कर्कटकाने नावं कोरून गेलेत मेले!

नवा होतो तेव्हा "आधी मला, आधी मला" अशी भांडणं व्हायची. मग नवे मीटर आले. एका दिवाळीच्या सुट्टीत सेल माझ्या पोटातच राहिला, पाझरला, आणि मी गंजून पडलो. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मग राहू गावची अल्फिया आली. "मॅडम, ह्यो मी दुरुस्त करू का?" तिने विचारलं. गौतमी मॅडम म्हणाल्या, "कर, पण जपून." पोरीने लिंबाची फोड आणि जुना टूथब्रश घेऊन गंज घासला. पडद्यावर आकडे उमटले! तेव्हापासून तिला माझ्याशिवाय दुसरा मीटर चालेना.

शेवटच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी घात झाला. घाईत माझा नॉब करंटवरच राहिला आणि तिने थेट लाइटीचे व्होल्ट मोजायला घेतले. टिक! माझा फ्यूज उडाला. शेंगेएवढी काचेची नळी ती. जास्त करंट आला की आधी आपण जळते आणि धरणाऱ्याचा हात वाचवते.

अल्फियाचा चेहरा उतरला. "मॅडम आता परीक्षेला बसू देतील का रं?"

तिच्या वर्गातला वडगाव रासाईचा पोरगा, पोपट, शेजारीच होता. "सांगतीस कशाला? तार टाक की! आमच्या विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीत फ्यूजच्या जागी तारच हाय. कवा काय झालंय?" त्याने वायरीचा एक धागा फ्यूजच्या जागी बसवलासुद्धा.

मी सुरू झालो, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उद्या कुणी तीच चूक केली, तर मी त्याच्या हातातच फुटणार! बोंबलून सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे?

अल्फिया दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "न्हाई पोपट. उद्या कुणाचा हात भाजला तर?" तिने तार उपटली आणि मला घेऊन मॅडमपुढे उभी राहिली. "मॅडम, माझ्याकडनं फ्यूज उडाला. आन् आम्ही तार टाकली व्हती."

मॅडम रागावल्या, चांगल्याच रागावल्या. मग ड्रॉवरमधून दोन फ्यूज काढून म्हणाल्या, "एक बसव, एक जवळ ठेव. फ्यूज उडतो गं, तार टाकायची नसते. उद्या वेळेवर ये."

दुसऱ्या दिवशी मी नेमका पोपटच्या वाट्याला आलो. परीक्षेच्या घाईत त्याचंही तेच झालं. नॉब करंटवर, आणि टोकं थेट लाइटीला. टिक! मी गप्प झालो. पोपट आपल्या तळहाताकडे बघत राहिला. हात धडधाकट होता.

"सर, माझं चुकलं. फ्यूज उडाला," तो परीक्षकांना मोठ्याने म्हणाला. अल्फियाने खिशातला दुसरा फ्यूज पुढे केला.

दोघंही पास झाली. मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल, पण माझ्या पोटात तार घालू नका. मी बंद पडलो तर दुरुस्त होईन, तुमचा हात कुठून आणू?

निकालाच्या दिवशी पोपट अल्फियाला सांगत होता, "मोटरीच्या पेटीतली तार काढली बरं का. आबा लय वरडले, पर काढली."