वरवंडला थांबायचं न्हाई

आमच्या ह्यांना साखरेचा आजार आहे हे मला सगळ्यात शेवटी कळलं. आणि माझ्या आधी कुणाला कळलं, तर वरवंडच्या कुशाबाईला. हे मी अजून विसरलेली नाही.

हे शिरूरच्या बबनरावांचा ट्रक चालवायचे. पहाटे न्हावऱ्याहून निघायचं, दौंडला रेल्वेच्या मालधक्क्यावर कांदा उतरवायचा आणि दुपारी परत. शहात्तर साल होतं. खेप नसली तरी हे कसलं तरी निमित्त काढून एसटीनं वरवंड गाठायचे. कधी टायर बघायचा असायचा, कधी कुणाला निरोप द्यायचा असायचा. मी आपली भोळी, खरं मानायची. शेवटी शेजारच्या ताईबाईनं माझ्या डोळ्यांत अंजन घातलं. दौंडला जाताना तिची एसटी वरवंडला थांबली, तर हे कुशाबाईच्या हॉटेलामागच्या खोलीत शिरताना तिला दिसले. "आन् दार लावून घेतलं गं बाई," ती म्हणाली. सांगताना तिला किती गोड लागत होतं ते मला दिसत होतं.

कुशाबाई विधवा. रस्त्याकडेला चहा-भाकरीचं हॉटेल एकटीच चालवायची. ड्रायव्हर लोक तिचं नाव आदरानं घेतात असं मी ऐकून होते. त्या आदरानंच माझं डोकं जास्त फिरलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना माल शिरूरला भरायचा होता, म्हणजे उशीर होणार होता. मी पहिली एसटी पकडून त्यांच्या आधी वरवंडला पोचले आणि लिंबाच्या झाडाआड उभी राहिले. ट्रक आला. हे उतरले, मागच्या खोलीत गेले, दार लागलं. मी त्या दारावर अशी लाथ घातली की आतली कडी निखळून पडली.

आत हे बाजेवर बसले होते, बाही वर करून. कुशाबाईच्या हातात काचेची पिचकारी होती. दहा टन माल घेऊन घाट उतरणारा माझा नवरा सुई दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड करून बसला होता.

"ही काय थेरं चालल्यात?" मी ओरडले.

"इन्शुलिन हाय, बाई," कुशाबाई म्हणाली. माझ्याकडं न बघता तिनं सुई टोचली. "वरडायचं तर मागनं वरडा. डायवरचा हात हालंल."

मग सगळं बाहेर आलं. दौंडच्या डॉक्टरनं सहा महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, रोज सुई, नाही तर जीव जाईल. कुशाबाई पूर्वी दवाखान्यात आया होती, तिला सुई देता यायची. औषधाची बाटली तिच्याकडं ओल्या वाळूच्या मडक्यात गार राहायची. बबनरावांना कळलं असतं तर त्यांनी ह्यांना त्याच दिवशी ट्रकवरून खाली उतरवलं असतं.

"मला का न्हाई सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, सोजरा," हे म्हणाले. "गावभर झालं असतं. ट्रक गेला असता."

खरं सांगू? ह्यांनी बाई ठेवली असती तर मी एवढी पेटले नसते. भांडले असते, माहेरी जाऊन बसले असते, चार माणसांनी मला परत आणून घातलं असतं. पण माझ्या नवऱ्याच्या रक्तात काय चाललंय हे सहा महिने तिला ठाऊक आणि मला नाही! ह्यांचं भ्यायलेलं तोंड रोज तिनं बघायचं. घरी येताना हे ते तोंड तिच्याकडंच ठेवून येत होते.

"उद्यापासनं सुई मी टोचणार," मी म्हणाले.

कुशाबाईनं एक वांगं आणलं आणि त्यावर मला सुई टोचायला शिकवलं. "येक ध्यानात ठिवा," ती म्हणाली. "सुई झाली की अर्ध्या तासात पोटात भाकर गेलीच पायजे. न्हाई तर साखर पार खाली जाती. माणूस घामानं भिजतो, बरळतो. तवा लगीच गुळाचं पानी पाजायचं." मी नुसतं हो हो केलं. ती शहाणी आणि मी शिकाऊ, हेच मला सोसत नव्हतं.

घरी आल्यावर मी ह्यांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून आण घातली. "आता वरवंडला थांबायचं न्हाई. त्या बाईच्या हॉटेलातला पाण्याचा थेंबबी पोटात घालायचा न्हाई. घातला तर मी मेले म्हणून समजा." आमच्याकडं अशी आण ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणायचं असतं, तोवर ती सुटत नाही. आणि हे असल्या गोष्टींना फार मानणारे.

वीसेक दिवस बरे गेले. पहाटे मी सुई टोचायची आणि लगेच पुढ्यात पिठलं-भाकरी ठेवायची. हात चांगला बसला होता. तरी माझ्या जिवाला चैन नव्हतं. मी जिंकले होते, पण ते कुशाबाईनं बघायला नको?

क्लीनर लग्नाला म्हणून गावी गेला, तेव्हा मी ह्यांना म्हणाले, मी येते दौंडला. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसले. ह्यांना सुई टोचली आणि भाकरी मात्र फडक्यात बांधली.

"आगं, आत्ताच खाया पायजे," हे म्हणाले.

"वरवंडला लिंबाखाली बसून खाऊ. तासाभरानं काय हुतंय?"

मला तिच्या दारासमोर, तिच्या डोळ्यांदेखत, ह्यांना माझ्या हातचं वाढायचं होतं. दुसरं काही नाही.

केडगावला रेल्वेचं फाटक बंद होतं. एक मालगाडी गेली, फाटक उघडेना, मग दुसरी आली. ह्यांनी दोनदा भाकरी मागितली. दोन्ही वेळा मी म्हणाले, आता पोचूच की. तिसऱ्यांदा त्यांनी मागितलीच नाही.

वरवंड दिसायला लागलं तोवर ह्यांचा सदरा ओलाचिंब झाला होता. आपल्याशीच काहीतरी पुटपुटत होते. मी हाक मारली तर मला शिवी हासडली. लग्नाला बारा वर्षं झाली होती, कधी शिवी दिली नव्हती. एवढ्यात ट्रकचं एका बाजूचं चाक डांबरावरून खाली गेलं. मी किंचाळले. केवळ सवयीनं त्यांचा पाय ब्रेकवर पडला आणि ट्रक कलता उभा राहिला, कुशाबाईच्या हॉटेलापासून वीस-पंचवीस पावलांवर. मी घाईघाईनं फडकं सोडून भाकरीचा तुकडा त्यांच्या तोंडात घातला. त्यांना चावता येईना. तुकडा बाहेर पडला.

कुशाबाई गुळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन पळत आली आणि ट्रकच्या पायरीवर चढली. तिनं तांब्या ओठांना लावला तर ह्यांनी दात घट्ट आवळले.

"आण हाय," हे दातांतूनच बोलले.

"बाई, तुमी पाजा," तिनं तांब्या माझ्या हातात दिला. मी पुढं केला, तर त्यांनी हातानं ढकलला.

"तिच्याकडचं पानी हाय. सोजरा मरंल."

"सोडवा की आण!" कुशाबाई माझ्यावर ओरडली. "जीव चाललाय त्यांचा!"

मला ऐकू आलं होतं. शब्द माझ्या जिभेवर होता. तरी मी बोलले नाही. ती हतबल होऊन उभी, आणि माझा नवरा तिच्यापुढं तोंड मिटून बसलेला. मला बरं वाटत होतं. हो, बरंच वाटत होतं. किती वेळ ते माहीत नाही, पण कुशाबाईनं मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं, एवढा वेळ नक्की.

मग ह्यांचे डोळे वर गेले. "सुटली!" मी ओरडले. "सुटली, सुटली, प्या ओ!"

अर्धं पाणी छातीवर सांडलं, अर्धं पोटात गेलं. पाव तासानं त्यांनी मला ओळखलं. लोक जमले होते. डायवरला दोन रात्री झोप नव्हती, असं कुशाबाईनं त्यांना सांगून वाटेला लावलं. बबनरावांपर्यंत काही गेलं नाही, ट्रकही ह्यांच्याकडंच राहिला.

पुढच्या आठवड्यात मीच ह्यांना म्हणाले, वरवंडला थांबत जा, पोटाला खात जा. एकदा मीही बरोबर गेले. हे बाकावर बसून चहा पीत होते. कुशाबाई कपबशा विसळत होती.

"मला त्या दिवसाचं काय बी आठवत न्हाई," हे तिला म्हणाले. "पर हिनं आण लगीच सोडली आसंल, न्हाई का?"

मी खाली मान घातली.

"व्हय तर," कुशाबाई म्हणाली. "तांब्या आनला आन् लगीच म्हनाल्या."

हे माझ्याकडं बघून हसले. किती विश्वासानं हसले! कुशाबाईनं डोळा वर करूनही बघितलं नाही, पुढची बशी उचलली. तिचा इतका राग मला ते दार लावलेलं बघूनही आला नव्हता.