व्यंकटीची जीप आणि नीलाबाईची माफी

मित्रांनो, किल्लारीच्या बसथांब्यासमोर लिंबाखाली एक काळीपिवळी जीप उभी असते ना, ती मीच. माझा रंग उडाला आहे, दारं दोरीने बांधलेली आहेत आणि चढावर माझा आवाज कोसभर जातो. तुम्ही मला हसता, ते मला ठाऊक आहे. पण माझ्या मालकाची गोष्ट ऐकलीत, तर त्याच्याकडे तुम्ही आदराने बघाल. म्हणून आज बोलते आहे.

मी कारखान्यातून आले तेव्हा आरशासारखी चकचकीत होते. व्यंकटी मला घरी घेऊन आला. त्याच्या बायकोने, नागुबाईने, मला हळदकुंकू लावलं. पुढची कितीतरी वर्षं मी किल्लारी ते लातूर अशी धावले. बाळंतिणी, परीक्षेची पोरं, टोमॅटोचे कॅरेट, नवऱ्यामुलाकडची मंडळी, सगळ्यांना मी वेळेवर पोचवलं. "व्यंकटीची गाडी हाय ना, मग घोर न्हाई," असं लोक म्हणत. ते ऐकून मला फार बरं वाटे.

मग व्यंकटीला दारूची सवय लागली. आधी कामावरून आल्यावर, मग दुपारच्या जेवणाआधी, मग केव्हाही. नागुबाई रडली, भांडली, माहेरी गेली, परत आली. तो मला धुवायचासुद्धा विसरू लागला.

एका भर दुपारी तो पिऊन माझ्या स्टिअरिंगवर बसला. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. वळणावर एक बाई रस्त्याच्या कडेने चालली होती. तिची काहीच चूक नव्हती. व्यंकटीच्या हातून मी कडेला गेले आणि माझा धक्का तिला लागला. ती खड्ड्यात पडली. मला वाटलं, आता हा उतरेल, तिला उचलेल. इतक्या आजारी माणसांना मी दवाखान्यात नेलं होतं, हिलाही नेलं असतं. पण व्यंकटीने मागे एकदा पाहिलं आणि मला तिथून पळवलं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी धाव ती.

कुणी पाहिलं नव्हतं. त्याने दूरच्या गावी नेऊन माझा पत्रा ठोकून घेतला. पोलिसांना गाडी सापडली नाही.

त्या दिवसापासून व्यंकटीने दारू सोडली. पण दारू सुटली म्हणून तो सुटला नाही. तो जेवेना, कुणाशी बोलेना. नागुबाई विचारायची, "काय झालंय तुमाला? बोला की!" तो नुसता जमिनीकडे बघायचा.

असं वर्ष गेलं. एके दिवशी गुरुपादप्पा पास्टर थांब्यावर आले. ते निलंग्याकडचे, आधी शाळेत मास्तर होते. आता आमच्या गावातल्या पत्र्याच्या छोट्या प्रार्थनाघरात ख्रिस्ती मंडळीची उपासना ते घेत. म्हणाले, "व्यंकटी, दर रविवारी आजूबाजूच्या गावांतून आमची माणसं आणायची. येशील?" व्यंकटी हो म्हणाला.

पहिल्याच रविवारी दुसऱ्या गावाच्या वेशीवर एक बाई कुबडी टेकवत आली. व्यंकटीचा चेहरा पांढरा पडला. मीही तिला ओळखलं. तीच ती!

"भाऊ, जरा हात द्या. चढता येईना झालंय," ती म्हणाली.

व्यंकटीने हात दिला. ती बसली, त्याला दुवा दिली आणि आपलं नाव सांगितलं, नीलाबाई. भूकंपात तिचं सगळं घर गेलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मंडळीतल्या एका कुटुंबाने तिला वाढवलं. आता ती अंगणवाडीत काम करत होती, त्या दुखऱ्या पायानेच.

प्रार्थनाघराची खिडकी उघडी असे आणि मी तिच्यासमोरच उभी. आत लोक एकेक करून प्रार्थना करत. नीलाबाईची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "प्रभू येशू, ज्यानं मला धडक दिली त्याला तू वळखतोस, मी न्हाई वळखत. त्याला माफ कर. त्याला चैन न्हाई पडत असंल. त्याला तुज्या वाटंवर आण."

व्यंकटीने माझ्या स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पुढच्या रविवारी तीच प्रार्थना. त्याच्या पुढच्याही. पाचव्या रविवारी तो खाली उतरला आणि आत जाऊन अगदी मागे बसला.

त्या दिवशी उपासना संपल्यावर त्याने पास्टरांना माझ्याजवळ बोलावलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तो लहान मुलासारखा रडत होता. "मला देव माफ करंल का हो? माझ्यासारख्याला?"

पास्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "व्यंकटी, देवाची माफी अर्धीमुर्धी नसते. तुझ्या पापाची सगळी शिक्षा येशूनं क्रुसावर सोसली. तुला ती माफी कमवायची नाही, फक्त घ्यायची आहे. घेशील?"

"घेतो," तो म्हणाला. दोघांनी माझ्या बॉनेटजवळ उभं राहून प्रार्थना केली. व्यंकटीने डोळे पुसले आणि वर्षभरात पहिल्यांदाच मान वर करून आभाळाकडे पाहिलं.

"आता मी काय करू?"

"आता तुला लपायचं कारण उरलं नाही," पास्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नीलाबाईच्या दारात गेलो. ती अंगणात तूर निवडत होती. व्यंकटी तिच्यासमोर जमिनीवर बसला. "अक्का, ती गाडी माझी होती. मी पिलो होतो. मी पळून गेलो."

सुपातले तिचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग एकच शब्द बोलली, "जा."

व्यंकटी उठला आणि परतला. त्या रविवारी ती माझ्यात बसली नाही. तिच्या मंडळीतलं कुणीतरी तिला दुचाकीवर घेऊन आलं. त्यानंतरच्या बुधवारी मात्र ती कुबडी टेकवत, घामाघूम होत, एकटीच थांब्यावर आली.

"तुजं नाव ठावं नव्हतं तवर माफी सोपी होती रे," ती म्हणाली. "तुजं तोंड बघितलं अन् सगळी कळ परत उठली. इतके दिस देवाशी भांडत राहिले मी. पण मलाबी त्यानं फुकटच माफ केलंय. मग मी तुला कशी धरून ठेवू? माफ केलं, व्यंकटी. पुरं माफ केलं."

व्यंकटीने दोन्ही हात जोडले. मग म्हणाला, "अक्का, मी आता ठाण्यात चाललोय. सगळं सांगणार हाय."

"मग मीबी येते. एकटा कशाला जातोस?"

मित्रांनो, त्या दिवशी आरोपी आणि फिर्यादी एकाच गाडीतून ठाण्यात पोचले. हवालदाराने दोनदा विचारलं, "ह्यानंच धडक दिली ना? मग तुम्ही ह्याच्याच गाडीत कशा?" नीलाबाई म्हणाली, "त्याचं पाप मिटलंय साहेब. आता कायद्याचं जे असंल ते तो भोगंल."

आणि त्याने ते भोगलं. आठ महिन्यांचा तुरुंगवास झाला, परवाना गेला. मी जप्त होऊन ठाण्याच्या आवारात उन्हापावसात उभी राहिले. माझ्या शिटांवर कोंबड्या बसल्या, चाकांतली हवा गेली, टपावर गंज चढला. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. दर रविवारी नीलाबाई नागुबाईच्या घरी जाऊन बसते, हे मी आवारातल्या शिपायांच्या तोंडून ऐकत होते. नागुबाई तिला म्हणाली होती, "ते घरी होते तवा नसल्यागतच होते. आता तुरुंगातून चिठ्ठी येती, तर वाटतं माणूस परत मिळाला."

तो सुटून आला आणि तेरणा नदीच्या पाण्यात त्याने बाप्तिस्मा घेतला. परवाना परत मिळेपर्यंत लोकांच्या शेतात राबला. मग एक दिवस येऊन त्याने माझ्या चाकांत हवा भरली, शिटा धुतल्या, कुठेकुठे ठोकपीट केली. आम्ही दोघं पुन्हा रस्त्यावर आलो.

लोक मात्र सहज विसरत नाहीत. परवाच एक प्रवासी मागच्या शिटावर दुसऱ्याच्या कानात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हाच तो. पिऊन बाईला उडवून पळाला होता."

व्यंकटीची मान खाली गेली. नीलाबाई माझ्यातच बसली होती. ती मागे वळली.

"ती बाई मीच," ती म्हणाली. "अन् जो पळाला होता, तो माणूस आता न्हाई. गाडी चालवतोय तो माझा भाऊ हाय. बोलायचं असंल तर माझ्याशी बोला."

व्यंकटीने गिअर टाकला आणि मी लातूरच्या रस्त्याला लागले.

मित्रांनो, पुढच्या वर्षी माझी मुदत संपते. मला मोडीत काढतील आणि माझा पत्रा वितळवतील. तोवर एवढंच मागते. तुमच्या हातून कधी काही वाईट घडलं, तर पळू नका; माफी मिळते, पुरी मिळते. आणि रस्त्याच्या कडेने कुणी चाललेलं दिसलं, तर गाडी हळू चालवा.